एका बाहीचा चिमटा

मी एक जुना चिमटा आहे, मित्रांनो. चुलीपाशी असतो तो नव्हे आणि केसांना लावतात तोही नव्हे. मी शर्टाच्या कफाचा चिमटा. तुमच्या शर्टाचे कफ बाहीलाच शिवलेले असतात, त्यामुळे माझी जात तुम्ही पाहिली नसेल. आमच्या काळी कफ सुटे असत. शर्ट चार दिवस अंगात राही, पण टेबलावर घासून आणि शाई लागून मळायचा तो कफ, म्हणून तेवढाच रोज बदलायचा. खळ घालून आणि इस्त्री मारून तो पुठ्ठ्यासारखा ताठ केलेला असे. बाहीला आतून दोन बटणे, कफाच्या कडेला दोन काजे, आणि ती बटणे त्या काजांतून काढायची म्हणजे बोटांची परीक्षा. ज्यांना ही कटकट नको होती त्यांच्यासाठी आम्हाला घडवले.

माझा जन्म अमेरिकेतल्या ॲटलबरो गावच्या एका कारखान्यात झाला. पितळेच्या पत्र्यातून मला कापले, वाकवले आणि दोन जबडे दिले. एक जबडा कफाची कड पकडायला, दुसरा बाही पकडायला. मग निकेलचे पाणी चढवून मला चकचकीत केले. शेवटी एक बाई प्रत्येक चिमटा आपल्या झग्याच्या काठाला लावून ओढून बघत असे. मला तिने दोनदा ओढले.

"हा भलताच चावरा निघाला," असे शेजारणीला सांगून तिने मला जोडीदारासह पुठ्ठ्यावर अडकवले.

तिथून मी ट्रॉयला आलो. हडसन नदीकाठचे हे गाव कॉलर आणि कफांवरच जगत होते. निम्म्या घरांतल्या बायका कारखान्यांत शिवायला जात आणि उरलेल्या धुलाईघरांत इस्त्री करत. अशा गावात हेलब्रॉन नावाच्या दुकानदाराच्या काचेच्या पेटीत मी आठ महिने पडून होतो. ऑगस्टातल्या एका शनिवारी पन्नाशीकडे झुकलेला एक उंच माणूस आत आला.

"यातला एक द्या," तो म्हणाला.

"जोडी असते ती, साहेब. फोडली तर उरलेला मी कुणाच्या गळ्यात मारू?"

त्या माणसाने उजवा खांदा पुढे केला. कोटाची बाही रिकामी होती. ती दुमडून खांद्यापाशी टाचलेली होती.

हेलब्रॉनचे कान लाल झाले. "माफ करा हं. लक्षातच नाही आलं माझ्या. दोन्ही न्या तुम्ही, एकाच्याच भावात न्या."

"दुसऱ्याचं काय करू? नाकाला लावू?"

हेलब्रॉन हसला आणि त्याने मला पुठ्ठ्यावरून सोडवले. माझा जोडीदार तिथेच राहिला. त्याचे पुढे काय झाले ते मला कधीच कळले नाही.

माझ्या मालकाचे नाव ॲलन्सन ग्रोसबेक. एकोणिसाव्या वर्षी, देशातल्या यादवी युद्धात, पीटर्सबर्गच्या वेढ्यात त्याने उजवा हात गमावला होता. मग तो डाव्या हाताने लिहायला शिकला आणि गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदींच्या कचेरीत कारकून झाला. तिथे त्याच्याइतके देखणे अक्षर कुणाचे नव्हते. बुटांचे बंद तो गुडघा आणि दात लावून बांधी. फळीला ठोकलेल्या खिळ्यावर बटाटा खोचून तो सोलत असे. त्याला नमवले होते ते फक्त कफाने. दातांनी ओढायला गेला की खळ भिजून मऊ पडे आणि काज फाटे. बायको होती तोवर ती कफ लावून द्यायची. ती गेल्यापासून लेक लावत होती.

ही लेक फिलीना. वय सव्वीस. कफांच्या कारखान्यात ती काजाच्या यंत्रावर बसत असे आणि तिच्यासारखे सुबक काज गावात दुसरे कुणी घालत नसे. उत्तरेकडे ग्लेन्स फॉल्सला कफांचा नवा कारखाना निघाला होता. चाळीस यंत्रांवर मुकादम म्हणून तिला तिथून बोलावणे आले. तिने नकार कळवला आणि ते पत्र स्टोव्हमध्ये घातले. घरात ती एक शब्द बोलली नाही. बोलली ती वरच्या मजल्यावरची डिलिया गेरॅटी. ही विधवा धुलाईघरात इस्त्री करायची आणि तिच्या पोटात काही राहत नसे. जिन्यात तिने ग्रोसबेकला गाठले.

"तुमच्या पोरीनं चालून आलेली मुकादमी नाकारली. ठाऊक आहे का?"

"नाही. का नाकारली?"

"आता तेही मीच सांगू? रोज सकाळी तुमचं मनगट कुणाच्या हातात असतं?"

"माझ्या कफापायी?"

"माझ्या नवऱ्याला चांगले दोन हात होते, तरी त्याचे मोजे मीच चढवायची. बायकांचं आयुष्य असंच जातं, मिस्टर ग्रोसबेक. ती जागा पुढच्या शनिवारपर्यंत मोकळी ठेवणार आहेत म्हणे. पुढं तुम्ही जाणे."

ग्रोसबेक तसाच जिना उतरला आणि हेलब्रॉनच्या दुकानात आला.

दुसऱ्या दिवशी रविवारी फिलीना चर्चला गेली आणि आमची झटापट सुरू झाली. शर्ट टेबलावर पसरून तो माझा एक जबडा कफाला लावी. ते जमे. पण दुसरा जबडा बाहीला लावायला जावे तर बाही सरके, टेबलक्लॉथ सरके, आणि कफ टुणकन उडून खुर्चीखाली जाई. माझी स्प्रिंग कडक. तीन वेळा मी त्याच्या अंगठ्याला चावलो. एका कफाला रक्ताचा डाग पडला, तो त्याने खिशात लपवला. शेवटी त्याने फिलीनाची जड इस्त्री उचलून बाहीवर ठेवली. बाही जागची हलेना. मग त्याने मला दाबले आणि मी गच्च पकडले. शर्टात हात घालून तो आरशासमोर उभा राहिला आणि मनगट एकदा वळवून, एकदा सरळ करून कितीतरी वेळ बघत राहिला.

सोमवारी सकाळी फिलीना नेहमीसारखी बटणे लावायला आली तर कफ आधीच लागलेला. तिने बाही उलटून पाहिली.

"बाबा, हे काय डबड्याच्या पत्र्याचं लावलंय?"

"चिमटा आहे. माझा मी लावला."

"मी दिवसाला शेकड्यांनी काजं घालते, आणि माझा बाप बिनकाजाचा फिरणार? लोक काय म्हणतील? आणि हे गळून पडेल चारचौघांत, मग?"

"पडलं तर उचलीन. फिलू, ग्लेन्स फॉल्सचं पत्र कुठंय?"

स्टोव्हवरच्या धिरड्यांना करपल्याचा वास येऊ लागला.

"डिलियाची जीभ कापली पाहिजे," ती म्हणाली. "मला जायचंच नव्हतं तिकडं. थंडी फार असते."

"थंडी! जानेवारीत नदीच्या बर्फावर घसरत कामाला जाणारी तू! हे बघ, शनिवारपर्यंत हा कफ एकदाही पडला नाही, तर तू तार करायचीस. पडला तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. माझ्याकडे तिने असे पाहिले की मी पडावे हीच तिची इच्छा असल्याचे मला वाटले. पुढे कळले की तसे नव्हते. ती घाबरली होती.

सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवारही गेला. मित्रांनो, मला सांगायला संकोच वाटतो, पण गुरुवारी मी पडलो.

त्या दिवशी हवा दमट होती आणि खळ नरम पडली होती. सकाळच्या घाईत मला कफाची जेमतेम कड मिळाली होती. कचेरीत दहाबारा माणसे रांगेत होती. टूही नावाची एक म्हातारी नातवाच्या जन्माची नोंद करायला आली होती. ग्रोसबेकने टाक शाईत बुडवून हात पुढे केला आणि माझी पकड सुटली. मी बाहीलाच राहिलो. कफ तेवढा नोंदवहीवर पडला, घरंगळला आणि म्हातारीच्या पायाशी जाऊन थांबला.

कुणी छताकडे बघू लागले, कुणी उगाच खोकले. मुख्य कारकून लगबगीने आला. "राहू द्या, राहू द्या, मिस्टर ग्रोसबेक, मी लावून देतो."

"नको," ग्रोसबेक म्हणाला.

तो काउंटरमागून बाहेर आला. वाकून त्याने कफ उचलला. काउंटरच्या कडेवर तो टेकवून त्यातून हात आरपार घातला, मनगट तोंडाशी नेले आणि माझा जबडा उघडणारी कळ दातांत धरली. पहिल्यांदा मी निसटलो. त्याचा श्वास मला जोरजोरात लागत होता. दुसऱ्यांदा त्याने इतक्या जोराने दाबले की माझ्या निकेलवर दाताचा खड्डा पडला. मी जबडा उघडला, कफाची कड चांगली खोलवर घेतली आणि मिटलो.

टूहीबाई सगळा वेळ छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. तिने नजर वळवली नव्हती आणि हळहळलीही नव्हती.

"झालं?" ती म्हणाली. "मग लिहा. कॉर्नेलियस. आणि नीट लिहा. मागच्या खेपेला थोरल्याच्या नावातलं एक अक्षर खाल्लं होतंत."

ग्रोसबेकला हसू आवरेना. त्याने टाक उचलला आणि कॉर्नेलियस टूही हे नाव अक्षर न् अक्षर लिहिले.

त्या संध्याकाळी जेवायला बसताना त्याने सांगून टाकले, "फिलू, आज कफ पडला."

तिने ताट खाली ठेवले. "लोकांसमोर?"

"अख्ख्या कचेरीसमोर."

"मग हरलात तुम्ही."

"हरलो. तोंड उघडणार नाही म्हणालो होतो. पण एवढं ऐक. तू लावलेलं बटण जूनमध्ये तुटलं होतं, आठवतं? तेव्हा काम सोडून मी घरी आलो होतो, आणि तू येईपर्यंत हात टेबलाखाली धरून बसलो होतो. आज घरी यावं लागलं नाही. पडला, उचलला, लावला आणि पुढचं नाव लिहिलं. मला आज पहिल्यांदा वाटलं, की पडला तरी चालतो."

फिलीनाने ताट बाजूला सारले. मग म्हणाली, "दाखवा, कसा लावलात."

त्याने दाखवले. दात लावताना त्याची मान वाकडी होत होती. तिचा हात एकदा पुढे आला आणि तिने तो मागे घेतला. कफ लागल्यावर तिने त्याचे मनगट दिव्यापाशी ओढले आणि आपल्या धंद्याच्या नजरेने मला उलटेपालटे केले.

"चिमट्याचा दोष नाही," ती म्हणाली. "कफाची कड जाड आहे. चार पदरांची कड याच्या एवढ्याशा तोंडात बसणार कशी? मूर्खासारखे कफ शिवलेत."

"कुणी शिवलेत?"

"आम्हीच!" असे म्हणून ती हसली. मग डोळे पुसायला तिने इस्त्रीचे फडके घेतले.

शुक्रवारी कारखान्यातून येताना ती कापड घेऊन आली. तिने सहा कफ शिवले. त्यांची कड दोनच पदरांची होती आणि माझ्या दातांसाठी तिथे दोऱ्याची बारीक खाच होती. काज एकाही कफाला नव्हते. काज न घालता कफ पुरा करण्याची तिच्या आयुष्यातली ती पहिली वेळ. मी त्या खाचेत बसलो तो असा, की पुन्हा कधी सुटलो नाही. शनिवारी सकाळी तिने तार केली.

दहा दिवसांनी ती निघाली. स्टेशनवर डिलियाही आली होती आणि सर्वांत मोठ्याने तीच रडत होती. "मीच सांगितलं होतं म्हणून," ती हमालांनासुद्धा सांगत होती. गाडी आली. फिलीनाने सवयीने बापाचे मनगट हातात घेतले. लावायला काहीच नव्हते. ती तशीच उभी राहिली, माझ्यावर अंगठा ठेवून.

"थंडी असते तिकडं," ग्रोसबेक म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली आणि गाडीत चढली.

त्यानंतर सोळा वर्षे मी त्या एका मनगटावर नोकरी केली. दर नाताळला ग्लेन्स फॉल्सहून सहा कफ यायचे. फिलीनाच्या हाताखाली पुढे ऐंशी यंत्रे आली. ग्रोसबेकच्या कचेरीतल्या पोरांना माझी ओळख झाली, ती मला "ग्रोसबेकचा उजवा हात" म्हणत. आणखी मोठी शाबासकी मला कधी मिळाली नाही.

मग कफ शिवलेले शर्ट आले. ग्रोसबेकनेही तेच घेतले. ते सोयीचे होते आणि तो म्हातारा झाला होता. मला राग आला नाही, पण खणात पडून राहण्याची सवय व्हायला वेळ लागला. एका मार्च महिन्यात तो गेला. फिलीनाने त्याचे कपडे वाटून टाकले आणि मला रुमालात बांधून आपल्याबरोबर नेले. आता तीही नाही. मी तिच्या घरातल्या बटणांच्या डब्यात असतो. माझे निकेल उडाले आहे, पितळ काळवंडले आहे. घरातली नवी माणसे मला हातात घेतात, हा पडद्याचा की कशाचा म्हणतात, आणि परत टाकतात. दाताचा खड्डा कुणाच्या लक्षात येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही असा एखादा डबा असेल. त्यातली एखादी वस्तू कशाची ते कळले नाही, तर फेकण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा. तिला कोरड्या फडक्याने पुसा, स्प्रिंग असेल तर तेलाचा थेंब सोडा. आणि कुणी माणूस तुमच्यासमोर एखाद्या साध्या कामाशी झगडत असेल, तर लगेच त्याच्या हातातून ते काढून घेऊ नका. नजरही वळवू नका. रांगेत मिनिटभर जास्त उभे राहा. त्याचे झाले, की आपले काम सांगा.