जामचा गोटा

नवरा परागंदा झाला की बायकोची सुटका होते, असं ज्यांना वाटतं त्यांनी प्रणालीला विचारावं. गजेंद्र सावरगावातून निघून गेला त्याला तीन वर्षं झाली, पण त्याच्या नावाची गाठ तिच्या गळ्यात तशीच. सौंसरला एक खोली घेऊन ती ब्लाउज शिवायची. वकील लावायची ऐपत नव्हती, म्हणून सरकारतर्फे फुकट मिळालेल्या रजनी मॅडमनी तिचा घटस्फोटाचा अर्ज पांढुर्ण्याच्या कोर्टात लावला.

"तो सापडत नाही हेच तुझं नशीब," मॅडम म्हणाल्या. "आला नाही तर निकाल एकतर्फी, तू मोकळी. आला, की नुसत्या तारखा."

तो बेपत्ता आहे हे सांगायला चुलतसासरे शालिकराम कोर्टात उभे राहिले. "साहेब, तीन वर्सं झाले, गोटमारीले नाही आला. सावरगावचा माणूस कुठंबी असो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीवर येतेच. नाही आला म्हंजे मेला असन."

कोर्टात हशा पिकला. हसोत बापडे. जाम नदीच्या दोन काठांवरून सावरगाव आणि पांढुर्णा एकमेकांवर दगड फेकतात ती गोटमार; त्या दिवशी घरी न येणारा माणूस सावरगावात मेल्यातच जमा. गजेंद्र तर महिनाभर आधीपासून नदीतून गोटे निवडून आणायचा, चपटे, मुठीत बसणारे. धुऊन खिडकीत मांडायचा. प्रणालीचं डावं मनगट अजून नीट वळत नाही, ते त्यातल्याच एका गोट्यानं.

मग नोटीस त्याच्या घराच्या दारावर चिकटवली आणि पेपरातही छापून आली. अर्जासाठी मॅडमनी पत्ता विचारला तेव्हा प्रणालीनं खराखुरा सांगून टाकला होता. तोच छापला: राहणार सौंसर, हनुमान मंदिरामागे. आ बैल मुझे मार, दुसरं काय! पण नोटीस नवऱ्यालाच वाचायची असते, हे तेव्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

आठवड्याभरात सकाळी दार उघडलं तर पायरीवर गोटा. चपटा, धुतलेला. पोरांनी टाकला असेल, असं म्हणत तिनं तो नालीत भिरकावला. सुनावणीच्या आदल्या दिवशी ती बाजारातून अस्तर घेऊन आली. कुलूप जसंच्या तसं होतं. आत शिलाई मशीनवर, अर्धवट शिवलेल्या ब्लाउजावर, दुसरा गोटा ठेवलेला होता.

"मॅडम, तो आला," तिनं फोनवर सांगितलं.

"पाह्यलंस त्याला?"

"नाही. पण गोटा ठेवून गेला."

"मग तू काहीच पाह्यलं नाहीस. उद्या साहेब विचारतील, नवऱ्याचा ठावठिकाणा आहे का. नाही म्हण, अन् मोकळी हो. मी तुझ्या भल्याचंच सांगून राहिली."

रात्रभर मशीन दाराला लावून ती बसून राहिली. सकाळी पांढुर्ण्याच्या बसमध्ये पिशवी मांडीवर घट्ट धरून ती ‘नाही’ हा शब्द घोकत होती. घोकता घोकता तिच्या डोक्यात भलतंच आलं. आज कोर्टानं लिहून घेतलं की हा माणूस कुठंच नाही, आणि उद्या आपण खोलीत मरून पडलो, तर पोलीस कुणाला धरतील? जो नाहीच, त्याचं नाव कोण घेईल?

कोर्टात न्यायाधीश साहेबांनी विचारलं, "पतीचा ठावठिकाणा माहीत आहे का?"

रजनी मॅडम तिच्याकडे बघत होत्या. प्रणालीनं पिशवीतून गोटा काढला आणि समोरच्या टेबलावर ठेवला.

"आहे साहेब. काल माह्या खोलीत येऊन गेला. हा गोटा त्याचाच हाय. तो जित्ता हाय, एवढं लिहून ठेवा."

मॅडमनी कपाळाला हात लावला. साहेबांनी लिहून घेतलं, पोलिसांना कळवायला सांगितलं आणि पुढची तारीख दिली. आता अशा किती तारखा, देव जाणे.

बाहेर कोर्टाच्या आवारात माणसांची ही गर्दी. तो सापडू नये म्हणून तिनं तीन वर्षं देवाला हात जोडले होते. आता पायरीवर उभी राहून ती एकेक चेहरा न्याहाळत होती. गजेंद्र कुठं उभा आहे हे दिसल्याशिवाय खाली उतरायची तिची हिंमत होत नव्हती.