सात ठिकाणी कापलेला धवला

मी एक जुनी क्लिप आहे, मित्रांनो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरव्या पट्टीसारखी दिसते. बोट लावाल तर हाताला काहीच लागणार नाही, पण माझ्या पोटात धोंडुबाईंचा आवाज आहे.

धोंडुबाई वडखळजवळच्या खाडीकाठच्या धवलारीण, म्हणजे लग्नात धवला नावाची गाणी गाणाऱ्या. हयात मिठागरात गेली, पण त्यांनी धवला गायल्याशिवाय गावात लग्न लागत नसे. पुढे हळदीला डीजे आला आणि त्यांचं बोलावणं थांबलं. आजीची गाणी मागे राहावीत म्हणून नात नम्रता त्यांना पेणला, हरेशच्या स्टुडिओत घेऊन आली. तिथेच माझा जन्म झाला.

माइकसमोर धोंडुबाई अडून बसल्या. म्हणाल्या, “समोर नवरी नाय, तर धवला गाऊ कुनाला?” मग त्यांनी नातीलाच पुढ्यात बसवलं. “नमू, बस गो. आज तूच नवरी.”

आणि त्या गायल्या. दर कडव्यात नवरीचं नाव घ्यायची रीत, म्हणून सात कडव्यांत सात वेळा नम्रताचं नाव आलं. सातव्या वेळी आवाज जरा फाटला. तेही माझ्यात होतं.

हरेश मनाने चांगला, कामात चोख. त्याने माझ्या सुरुवातीची शांतता छाटली, मधला खोकला काढला. त्याचं मला काही वाटलं नाही. मग तो म्हणाला, “नाव काढलं तर कुठल्याबी हळदीला चालंल.” त्याने मला सात ठिकाणी कापलं, नावाचा तुकडा उचलला आणि टोकं जुळवली. फार दुखलं हो! पण सांधे इतके बेमालूम की सगळ्यांनी वाहवा केली. कासूपासून नागोठण्यापर्यंत मी मांडवामांडवांत वाजले. तेव्हा मीही थोडी शेफारले, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी धोंडुबाई वारल्या. यंदा नम्रताचं लग्न ठरलं. पत्रिका घेऊन ती हरेशकडे आली. “हरेशदादा, माझ्या नावाचा धवला दे. माझ्या हळदीला आजीच गाईल.”

नुसतं छाटलेलं असतं, तर पडद्यावर माझी कड ओढताच सगळं परत आलं असतं. छाटलेला भाग आत दडून राहतो. पण हरेशने सगळे तुकडे जोडून मला नव्याने साठवलं होतं आणि डिस्कमध्ये जागा अडते म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं होतं. त्याने कड ओढली, फोल्डर धुंडाळले.

“नाय राहिलं गो,” तो म्हणाला. मग स्वतःला दोष देत बसला, पण ते वरातीमागून घोडं होतं.

म्हणून सांगते, मित्रांनो, कापाकापी खुशाल शिका, पण आधी मूळ आवाजाची एक प्रत बाजूला जपून ठेवा. तुम्हाला जे जास्तीचं वाटतं, तेच कुणीतरी उद्या मागायला येईल.

हळदीच्या दिवशी मी तशीच, नावाशिवाय वाजले. नम्रता पाटावर बसली होती. पहिल्या कडव्यात नावाची जागा आली, तशी तिने मान वर केली. मला थांबता आलं नाही. सात वेळा तिने मान वर केली, आणि सातही वेळा मी तिच्या आजीच्या आवाजात, तिला हाक न मारता, पुढे निघून गेले.