नावाचा रकाना

कोळारच्या एका कारखान्यात माझ्या भावाचा, अमरदीपचा, उजवा हात मशिनीत गेला. मशीन त्यानंच चालू केली, असं मालक म्हणायलाय. बघणारे पंचवीसजण होते, तोंड उघडायला एक न्हाई!

कामगारांच्या चर्चेची वेबसाइट मीच बनवलेली. तिथं विचारलं, "मशीन कुणी चालू केली?" सहा दिवस झाले, उत्तर नाही. पण आकडे मला दिसत होते. एकोणीसजणांनी उत्तराच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि काही न लिहिता परत गेले.

चूक माझीच. चौकटीच्या वर नाव, आडनाव, गाव असे तीन रकाने मी ठेवले होते. ते भरल्याशिवाय उत्तर जातच नव्हतं. आमच्याकडं अनोळखी माणसाला आधी हेच विचारतात, म्हणून मीही विचारलं. तेही मालकाला भिऊन बसलेल्यांना! डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

गाव काढलं. कुणी लिहिलं नाही. आडनाव काढलं. तरी नाही. अपघाताच्या चौकशीत साक्ष द्यायची शेवटची तारीख उद्यावर आली. समोर अमरदीप डाव्या हातानं भाकरी मोडायला धडपडत होता. मी नावही काढलं आणि नुसती पांढरी चौकट ठेवली.

दुपारी उत्तर आलं.

"अक्का, मशीन सुपरवायझरनं चालू केली. मी शेजारी होतो. काल भिऊन परत गेलो. आज बघतो तर नावाचा रकानाच न्हाई. कामून काढलास? नाव न्हाई तर साक्ष कोण मानंल? लिहून घे. नागप्पा, मंठाळ."