यंत्राच्या कपाळावरची अक्षरं

टेगनने ती अक्षरं काढली होती एका आइस्क्रीमच्या गाडीसाठी. सगळी लठ्ठ, एकमेकांना ढुशा देत बसल्यासारखी. इंग्रजी 'ओ'च्या पोटात बेंबीएवढंच भोक. बघणाऱ्याला हसू यायचंच. पुढे तिने अख्खा फॉन्ट तयार करून विकायला ठेवला, तेव्हा ती पावाच्या पिशव्यांवर, मुलांच्या छत्र्यांवर, कुठे कुठे दिसायला लागली. दिसली की टेगन आईला फोटो पाठवायची.

एका गुरुवारी ती सिडनीहून न सांगताच वोलाँगाँगला आली, तर घराला कुलूप. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "नोरीन ना? क्लबात बघ. हल्ली रोज तिथेच असते."

क्लबाच्या मागच्या खोलीत जुगाराची यंत्रं ओळीने लुकलुकत होती. टेगनची नजर आधी गेली ती एका यंत्राच्या कपाळावर. तिचीच अक्षरं तिथे सोनेरी होऊन, पोटं पुढे काढून नाचत होती. आणि त्यांच्याखाली आई बटण दाबत बसली होती.

"आई!"

"अगंबाई, तू? फोन तरी करायचास." नोरीनने मान वळवली, हात नाही. "तुझीच ना गं ही? मी लगेच ओळखली. दुसऱ्या यंत्रावर मी बसतच नाही."

"ऊठ आधी."

"एवढा डाव होऊ दे."

"कधीपासून चाललंय हे?"

"तुझे बाबा गेल्यापासून. टीव्ही तरी किती बघायचा? इथे बसलं की तू समोर आहेस असं वाटतं. तू काय, ख्रिसमसला येणार नि जेवून पळणार."



दुसऱ्या दिवशी तिने यंत्रवाल्या कंपनीला पत्र लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं: फॉन्ट वापरायची परवानगी रीतसर विकत घेतलेली आहे. जुगारासाठी वापर चालणार नाही, अशी अट तिने लगेच घातली. पण ती पुढच्या गिऱ्हाइकांसाठी. विकलं गेलं ते गेलं. नवीन काही काढायला बसली की पेन्सिल आपोआप गुबगुबीत वळणं घ्यायची, आणि ती खोडत सुटायची.

मग ती दर गुरुवारी यायला लागली. पहिल्या दोन्ही वेळा नोरीन "दूध आणते" म्हणून सटकली ती क्लबात सापडली. तिसऱ्या गुरुवारी टेगनने पोहायचे कपडेच पुढे केले.

"समुद्राकाठच्या पोहायच्या तलावात जाऊ."

"या वयात? वेड लागलंय तुला."

"तुझ्याहून म्हाताऱ्या बायका डुंबतात तिथे."

पाण्यात पाय घालताच नोरीनने थंडीला एक सणसणीत शिवी हासडली, आणि मग या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा पोहली. बाहेर आली ती धापा टाकत, हसत.

"किती वाजले गं?" केस पुसता पुसता तिने विचारलं.

"चार. चिप्स खायचे?"

"खाऊ की. तू बस, मी आणते." ती घाईघाईने चपला शोधायला लागली. उलट्या घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या.

टेगन तिच्या आधीच उठून उभी राहिली होती.