पडवळ सरळ यावं म्हणून

ज्ञानदानं पडवळाचा वेल बुंध्याशी कापला. कात्री बोथट होती. तीनदा दाबावी लागली.

एव्हरशाईन सिटीतल्या त्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर आईच्या सत्तावीस कुंड्या होत्या. कुंड्या म्हणजे तेलाचे डबे, फुटक्या बादल्या, आणि ज्ञानदाला लहानपणी अंघोळ घालायचे तो टब. गच्चीत पाणी मुरत होतं, म्हणून सोसायटी डांबर घालणार होती. रविवारपर्यंत सगळं हलवायचं होतं. आईला जाऊन सव्वा महिना झाला होता.

एक तरी झाड जगवायचं, एवढंच ठरवून ती माहेरी आली होती.

"पडवळाचा टब खाली गॅलरीत ठेवू या ना," सकाळी तिनं विचारलं होतं.

"कशाला? रोज कोण बघणार त्याच्याकडे?" बाबांनी बशीतला चहा संपवला. "सगळं काढ. मला काही जिना चढवत नाही. गुडघे बघतेस ना."

"मग इतके दिवस पाणी कोण घालतंय?"

"शेजारच्या हंसाबेन घालत असतील."

एप्रिलचं ऊन होतं, तरी मिरच्या टवटवीत होत्या. आई कधी फवारणी करायची नाही, खताची पिशवी आणायची नाही. भाजीची सालं, चहाचा चोथा, मासळी धुतलेलं पाणी, बस. पडवळाचं बी बाजारातल्या भाजीवाल्या क्लेमेंटीनबाईंनी दिलं होतं, आणि बियांबरोबर ताकीद: "कवलं हाय तवाच शेंड्याला दगड बांद. नाय तं तुज्या नवऱ्यासारखं वाकडं व्हईल."

आईनं ते जेवताना हसत हसत सांगितलं होतं. बाबांनी ताट सरकवलं होतं.

"मग मलाही बांध एक दगड."

"बांधलाय की, तीस वर्षांपूर्वी. काही उपयोग झाला नाही."

आईचे दगड अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरचे असायचे, गुळगुळीत. जुन्या साडीच्या चिंधीनं ती ते बांधायची.

ज्ञानदानं मांडवावरून वेल ओढला. पानांचा ढीग पायाशी आला आणि त्यातून काहीतरी फरशीवर टणकन वाजलं. तिनं पानं बाजूला केली. बोटाएवढं पडवळ, अंगावर अजून लव होती. दोन-तीन दिवसांचं असेल. त्याच्या शेंड्याला दगड नव्हता. लोखंडी नट होता, पिवळ्या वायरीनं बांधलेला. कोवळ्या सालीला वायर काचू नये म्हणून खाली कापसाची घडी होती.

घरात चपलेचा अंगठा असो की कपाटाची कडी, वायरीनं बांधणारा माणूस एकच होता. तीस वर्षं कारखान्यात फिटर होता.

तिनं पुढचा वेल हातानं चाचपला. आणखी तीन. सगळ्यांना नट. सगळी सरळ. एक नट तिनं सोडवून मुठीत घेतला.

जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, थांबणं. मग पुढची. ती उठली नाही.

बाबा दारात आले. एका हातात कठडा, दुसऱ्यात पातेलं, तांदूळ धुतलेल्या पाण्यानं भरलेलं. त्यांनी आधी रिकामा मांडव पाहिला, मग फरशीवरचा वेल.

"काढलास?"

"हो."

"बरं झालं."

पातेल्यातलं पाणी हिंदकळत होतं. तिनं मुठीतला नट लपवला नाही, दाखवलाही नाही.

"पहिला नट मोठा लावला होता," ते म्हणाले. "एक पडवळ देठातूनच तुटलं. मग हे बारके शोधून काढले."

"बाबा, सकाळी बोलायचं ना."

ते टबापाशी आले, गुडघ्यावर हात टेकून वाकले. बुंध्याच्या कापलेल्या टोकावर पाण्याचा एक थेंब जमला होता. त्याच्या भोवतीनं, माती उकरली जाऊ नये अशा बेतानं, ते पाणी ओतत राहिले. पातेल्याच्या तळाशी तांदळाचे दोन-चार दाणे उरले. तेही त्यांनी बोटानं निपटून मातीवर टाकले.