कावळा शिवल्याचा निरोप

दिवाळीनंतर भरणाऱ्या कोंढ्याच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, खडी गंमत हा डफावरचा नाचगाण्याचा खेळ सुरू होण्याआधी एक काम असतं. गेल्या मंडईपासून या मंडईपर्यंत आसपासच्या गावांतली जी नावाजलेली माणसं गेली, त्यांची नावं मंचावरून घेतात, घरच्यांना शाल-नारळ देतात, आणि मग सगळी गर्दी दोन मिनिटं उभी राहते. नावाजलेलं म्हणायचं कुणाला, यावर दरवर्षी वाद होतो. जिवंतपणी ज्याला कुणी चहा विचारला नाही, त्याच्यासाठीही मेल्यावर भांडणारे निघतात. पण दोन हजार चोवीस साली एका नावावर कुणाचंच दुमत नव्हतं. पवनीचे शाहीर खेमराज.

मंडळाचा मंगेश दोन दिवस आधी डोमाच्या अंगणात आला. डोमा विळ्याला धार लावत बसला होता.

"डोमाजी, खेमराजजीवर तुमीच बोला. चाळीस वर्षं संगं नाचले."

"मी नाई बोलत."

"काहून?"

"आवाज बसला माहा."

घटकाभरापूर्वी याच आवाजानं त्यानं धानात शिरलेली गाय पार नहरापलीकडे हाकलली होती. मंगेशनं ते ऐकलंही होतं, पण म्हाताऱ्या माणसाला खोटं पाडून काय मिळवायचं?

"पाहा बा," तो उठता उठता म्हणाला. "विजयमालाबाई येऊन राहिल्या पवनीहून. शाल त्याइलेच द्याची हाय. त्याइच्यासमोर दुसरं कोणी बोललं तर बरं दिसन काय?"

डोमाचा विळा थांबला. मंचाची त्याला कधीच भीती नव्हती. खेमराजच्या बायकोला तोंड कसं दाखवायचं, ही भीती होती, आणि ती त्याला पावसाळ्यापासून खात होती.

खेमराज कोष्टी घरातला, मागावर बसून लुगडं विणता विणता कवनं जुळवणारा. डोमा बौद्ध घरातला, चार बांध्यांतल्या धानावर जगणारा. खेमराज डफ घेऊन गायचा आणि डोमा मध्येच तोंड खुपसून लोकांना हसवायचा. बोलण्याचीही गरज पडत नसे. त्याचं तोंडच असं होतं की मंचाच्या कडेला दिसलं, तरी पोरंटोरं खिदळायला लागत. साकोलीपासून शहापूरपर्यंत गंमत म्हटली की या दोघांचीच, असा काळ होता.

मग मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात खेमराजच्या डोक्याला कावळा शिवला. कावळा शिवला की मरण जवळ आलं, असं जुनी माणसं मानतात. त्यावरचा तोडगाही जुनाच आहे. लांबच्या एखाद्या जिवलगाला 'माणूस गेला' असा खोटा निरोप धाडायचा. तो मनापासून रडला की मरण टळतं. मग त्याला खरं सांगून टाकायचं. निरोप कुणाला धाडू, असं विजयमालानं विचारलं, तेव्हा खेमराज चटकन म्हणाला, "डोमाले धाड. तो खरा रडते."

डोमाच्या घरी छप्पन सालच्या दीक्षेपासून असलं काही पाळत नव्हते. तोडगा त्याच्या ध्यानीमनीही आला नाही. निरोप मिळाला तसा तो अनवाणीच निघाला, काळीपिवळी जीपमध्ये बसून पवनीपर्यंत रडत गेला, आणि खेमराजच्या दारात त्यानं अंग टाकलं. तेव्हा आतून हात पुसत खुद्द खेमराज बाहेर आला.

"ये डोमा, बस जेवाले."

तेवढ्यावर मिटलं असतं तर ठीक होतं. डोमा चार शिव्या देऊन जेवायला बसलाही होता. पण खेमराज पडला शाहीर. हाती आलेली गोष्ट तो वाया कशी जाऊ देणार? गेल्या वर्षीच्या मंडईत, याच मंचावर, त्यानं तिची गंमत केली. डोमा कसा लोळला, कसा ऊर बडवला, नाकाडोळ्याचं पाणी कसं एक झालं, सगळं करून दाखवलं. लोक पोट धरधरून हसले. जन्मभर लोकांना हसवणारा डोमा त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच हसण्याचा विषय झाला. दुसऱ्या कशाची चेष्टा त्यानं चालवून घेतली असती. पण ते रडणं खरं होतं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. टोपी आपटून तो माइकमध्ये ओरडला, "आता तू खरोखर मेला नं, तरी येनार नाई मी!"

लोक त्यालाही हसले. त्यांना वाटलं, हेही गमतीतलंच.

त्या दिवसापासून डोमानं बोलणं टाकलं. खेमराजनं दोनदा माणूस धाडला, डोमानं भीक घातली नाही.

यंदाच्या पावसाळ्यात धानाचं रोवणं चाललं होतं. डोमा बायांच्या ओळीत चिखलात उभा होता. सून सरिता बांधावरून फोन घेऊन आली.

"मामाजी, पवनीहून निरोप आला. खेमराजजी गेले म्हनते."

डोमा हातात रोपांची जुडी धरून हसला.

"कावळ्याले बी दुसऱ्याचं डोस्कं भेटत नाई वाटते."

बायाही हसल्या. सरिता जरा घुटमळली. "फोन लावून पाहू काय त्याइच्या घरी?"

"कायले? आपून एकडाव रडून चुकलो."

खरं सांगायचं तर मनातून त्याला बरंच वाटलं होतं. मरण टाळायला लेकाच्याला अजूनही आपणच लागतो तर! पोळ्याला पवनीला जायचं, चार शिव्या हासडायच्या आणि पोटभर जेवून यायचं, असं त्यानं रोपं रोवता रोवताच ठरवून टाकलं. राग कधीचाच विरला होता. उरली होती ती नुसती ऐट.

संध्याकाळी तो चहाच्या टपरीवर गेला. पवनीच्या बसमधून उतरलेल्या एका ओळखीच्या माणसानं विचारलं, "डोमाजी, तुमी घाटावर दिसले नाई?"

तोवर वैनगंगेच्या काठावरची आग खाली बसली होती.

त्यानंतर डोमा तेरवीलाही गेला नाही. कोणत्या तोंडानं जाणार? आणि नवल म्हणजे त्याला रडूही आलं नाही. खोट्या मरणाला घळाघळा आलेलं पाणी खऱ्या मरणाला डोळ्यात उतरेना. जसं काही आतून कुणी अजून म्हणत होतं, थांब, हात पुसत बाहेर येईल. आपण हसलो, हे त्यानं कुणाजवळ काढलं नाही. रोवणाऱ्या बायांनीही कधी तो विषय काढला नाही, आणि तेच त्याला जास्त टोचत होतं.

मंडईच्या दिवशी दुपारी तो शेवटी धुतलेली टोपी घालून मंचाशी आला. विजयमाला मुलाबरोबर, नीलेशबरोबर, आधीच येऊन बसली होती. कपाळ मोकळं, अंगावर फिकट लुगडं. डोमानं मंचामागून जायचं पाहिलं, पण तिनंच उठून त्याला गाठलं.

"डोमाभाऊ."

डोमा मान खाली घालून उभा राहिला. शिव्या ऐकायची त्याची पुरी तयारी होती.

"माह्या हातून चूक झाली भाऊ," ती म्हणाली. "त्याईनं मले बजावून सांगतलं होतं. मी गेलो तर डोमाले फोन नोको करजो. तो खरं मानणार नाई. माणूस धाडजो, अन् माणूस त्याले हाताले धरून आनन, असा धाडजो. त्या दिवशी मले काई सुचलं नाई. नीलेशनं सगळ्याइले एकच निरोप धाडला. तुमच्यासाठी लय वेळ थांबलो आमी घाटावर. मंग लोकं म्हनाले, पानी येऊन रायलं, उरका."

डोमाला वाटलं, या बाईनं चारचौघांत आपल्या थोबाडीत मारली असती तर किती सोपं झालं असतं. ती उलट माफी मागत होती.

"तुमाले कधी समजलं, भाऊ?"

"समजलं... उशिरा," डोमा म्हणाला. ते खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं, आणि हे दोघांतल्या एकालाच ठाऊक होतं.

तेवढ्यात माइकवर नावं सुरू झाली. एक निवृत्त गुरुजी, एक भजनी मृदंगवाला, एक जुना पैलवान. घरची माणसं येत होती, शाल घेऊन जात होती. शेवटी मंगेशनं डोमाचं नाव पुकारलं.

डोमा मंचावर चढला. समोर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली माणसं, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. त्यानं माइक धरला, तोंड उघडलं आणि म्हणाला, "खेमराज मेला."

गर्दीत हशा फुटला.

त्यात लोकांचा दोष नव्हता. मंच तोच, तोंड तेच, आणि गेल्या वर्षीची गंमत अजून कुणी विसरलं नव्हतं. मागून एक जण ओरडला, "कावळा शिवला काय जी?" तसा हशा आणखी वाढला. मंगेश लोकांना गप्प करायला पुढे धावला, पण डोमानं त्याला हातानं मागे सारलं. हसणं सरेपर्यंत तो थांबला. चाळीस वर्षं त्यानं तेच केलं होतं.

"हासा," तो म्हणाला. "मी बी हासलो. खेमराज गेल्याचा निरोप आला तवा मी चिखलात उभा राहून हासत होतो. तिकडं ते माह्यासाठी चिता पेटवाची थांबले होते, अन् मी हासून राहिलो होतो. कोनाले सांगतलं नाई आजवर. वयनी, तुमची चूक नोयते. मानूस धाडला असता तरी मी हासलोच असतो."

शेंगा फोडण्याचा आवाज बंद झाला. डोमानं विजयमालाकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच पाहत होती, आणि त्या चेहऱ्यावर राग होता की काय, हे त्याला एवढ्या लांबून कळेना. असला तर तो त्याच्या हक्काचा होता.

"या खेपेले खरं हाय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "खेमराज खरंच गेला हो."

सगळ्यांत आधी विजयमाला उभी राहिली. मग बाया उठल्या, मग पुरुष, मग मागून ओरडलेला तो माणूसही टोपी काढून उठला. दोन मिनिटं शांत राहा, हे मंगेशला सांगावं लागलं नाही. मंचावर डोमा एकटा रडत होता, पवनीच्या दारात रडला होता तसाच, ऊर बडवून. या वेळी आतून हात पुसत कुणी बाहेर येणार नव्हतं.