मला न दिसलेले नऊ सेकंद

मी पडदा बोलतोय. नाटकाचा मखमली पडदा नव्हे, त्याचा थाट वेगळा. खिडकीचाही नव्हे. मी तिपाईवर उभा राहणारा, काम झालं की लोखंडी नळीत गुंडाळला जाणारा, सिनेमा दाखवायचा पांढरा पडदा. आमचं एक जुनं दुखणं आहे. सिनेमा आमच्या पोटावर चालतो आणि आम्हालाच दिसत नाही, कारण तोंड कायम लोकांकडे. आयुष्यात मी एकही चित्रपट पाहिलेला नाही. चेहरे मात्र हजारोंनी पाहिले.

कारखान्यात एका बाईंनी माझ्यावर दिवा धरून सुरकुती शोधली होती. सापडली नाही म्हणून मी पास झालो. माणसांत सुरकुत्या पडल्या की मान मिळतो म्हणे. आमच्यात पडल्या की भंगार.

पहिली नोकरी एका विमा कंपनीच्या प्रशिक्षण वर्गात. डोळे उघडे ठेवून झोपायची कला माणसाने कुठवर नेली आहे, ते तिथे पाहिलं. नऊ वर्षांनी त्यांनी भिंतीवर मोठा टीव्ही लावला आणि मला एका संस्थेला देऊन टाकलं. नको झालेली वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात मारली की तिला दान म्हणतात. त्याचा फोटोही काढतात.

ही संस्था गावोगाव फिरून एक माहितीपट दाखवायची. विषय असा, की दलालांनी कामाच्या शोधातल्या माणसांना किनाऱ्यावरच्या पॅकिंगच्या कारखान्यात नोकरी आहे असं सांगायचं, छोट्या होडीत बसवायचं आणि खोल समुद्रातल्या मासेमारीच्या जहाजावर चढवायचं. ते जहाज बंदराला लागतच नाही. दुसरी जहाजं येऊन डिझेल देतात, मासे घेऊन जातात. माणसं तिथेच राहतात, पाच वर्षं, दहा वर्षं. पळायचं म्हटलं तर पळणार कुठे, चहूकडे पाणी.

हे लोकांना कळावं म्हणून संस्था दर वर्षी दोन-तीन तरुण प्रशिक्षणार्थी घ्यायची. एक जुनाट व्हॅन, एक प्रोजेक्टर, एक मी आणि पाच महिन्यांची फिरती.

त्या वर्षी नवी आली. खरं नाव होतं, पण पहिल्याच दिवशी कुणीतरी 'ती नवी कुठेय' असं विचारलं आणि तेच चिकटलं. वय बावीस. खांद्यावर स्वतःपेक्षा मोठी बॅग, हातात चार रंगांच्या चार वह्या. तिला सोडायला आलेली आई व्हॅनकडे बघत म्हणाली, "जगाचं दुःख दाखवत फिरणार, आणि घरी स्वतःची चादर घडी करत नाही."

"आई, हे वेगळं आहे."

"वेगळंच आहे. चादर तुझी आहे."

तेवढ्यात गाडी सुरू झाली. सुरू करणाऱ्याला सगळे दाढी म्हणत. तिसरं वर्ष फिरत होता, गाडी चालवायचा, प्रोजेक्टर सांभाळायचा आणि बोलणं शक्यतो टाळायचा. त्याच्या शेजारी बसलेला चाळिशीचा माणूस म्हणजे दादा. दादा त्या जहाजांपैकी एकावर सात वर्षं होता. एका पहाटे जाणाऱ्या मालवाहू जहाजाच्या दिशेने उडी मारून सुटला. माहितीपट संपला की दहा मिनिटं बोलायचं, एवढंच त्याचं काम.

नवीचा पहिला कार्यक्रम एका कॉलेजात झाला. मला उभं करताना तिने वरची कडी अर्धवटच अडकवली. प्रमुख पाहुणे "अंधारातून प्रकाशाकडे" म्हणायला आणि मी फटकन नळीत परतायला एकच गाठ पडली. पाहुणे दचकून खुर्चीत बसले. त्या दिवशी सभागृहातला एकमेव खरा हशा मी मिळवला.

पुढे नवीने भाषण केलं. त्यात 'जागृती' हा शब्द अकरा वेळा आला. शेवटी हात पुढे करून ती म्हणाली, "आणि हे आहेत आपले पीडित." दादा उठला, दहा मिनिटं बोलला, बसला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्याच्याबरोबर फोटो काढले आणि बिस्किटांच्या टेबलाकडे धावली.

व्हॅनमध्ये दादा म्हणाला, "एक सांगू का? मला पीडित म्हणत जाऊ नकोस."

"मग काय म्हणू?"

"जाळं ओढायचो म्हण. पीडित म्हटलं की लोक माझ्या पायांकडे बघतात."

"पायांकडे का?"

"साखळीचे वण शोधतात. मिळाले नाहीत की हिरमुसतात बिचारे."

नवीने वहीत काहीतरी खोडल्याचा आवाज नळीपर्यंत आला.

त्यानंतर आम्ही शाळा, ग्रंथालयं, कामगारांचे हॉल, एक दवाखाना आणि एकदा तर नाभिकांच्या संघटनेची सभा असं फिरलो. मला माणसांचं वेळापत्रक पाठ झालं. सहाव्या मिनिटाला भुवया वर जायच्या. बाराव्याला रुमाल निघायचे. विसाव्याला कुणीतरी हळूच फोन बघायचं. पंचविसाव्याला सगळे पुन्हा दुःखी, कारण आता दिवे लागणार आणि चेहरा तयार हवा. मग एक कागद फिरायचा, 'मी या अन्यायाविरुद्ध उभा आहे.' लोक बसून सही करायचे.

नवी हळूहळू बदलली. 'जागृती' अकरावरून दोनवर आली. एकदा ती दाढीला म्हणाली, "साठ कार्यक्रम झाले. समुद्रातला एक तरी माणूस यामुळे बाहेर आला का?"

दाढीने गिअर बदलला. "कागद भरपूर जमलेत."

दादा मागून म्हणाला, "मी बाहेर आल्यावर लगेच सगळं सांगितलं होतं. जहाजाचं नाव तीनदा रंगवून बदललंय, पण जुनं नाव सुकाणूजवळ अजून दिसतं, तेही सांगितलं. बंदरावरचे पोलीस साहेब म्हणाले, आत कोण कोण आहे त्यांची नावं द्या, नातेवाइकाची तक्रार आणा, मग शोध घेता येईल. आता जहाजावर कुणाला नाव असतं का? एक होता टिचक्या, एक शिट्टी, एक आजोबा. आजोबाचं वय सव्वीस. मी काय, शिट्टीच्या घरचे शोधत फिरू?"

एका दुपारी आम्ही एका गावच्या ग्रंथालयात होतो. समोरच मोठी धुलाईची कंपनी होती, हॉटेलांच्या चादरी, टॉवेल धुणारी. तिथल्या आठ-दहा बायका जेवणाच्या सुट्टीत आल्या. समुद्रातल्या अन्यायाची ओढ त्यांना फारशी नसावी. ग्रंथालयात पंखे होते. दोघी बसल्या बसल्या पेंगल्या. माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग नव्हता. उभ्याने काम करणाऱ्याला खुर्ची मिळाली की पहिला हक्क झोपेचा.

माहितीपटात एक तुकडा होता. मालवाहू जहाजावरच्या कुणीतरी लांबून मोबाईलवर काढलेला. सगळे सांगत की त्यात काही माणसं पाठमोरी जाळं ओढताना दिसतात, नऊ सेकंद. माझ्यापर्यंत फक्त इंजिनाची धडधड आणि पक्ष्यांचा कलकलाट यायचा. एरवी या तुकड्याला लोक खुर्चीत बूड सरकवून घेत, इतका तो धूसर होता म्हणे.

त्या दिवशी दुसऱ्या रांगेतली एक बाई उभी राहिली. पस्तिशीची, हाताची कातडी साबणाने पांढरी पडलेली.

"थांबवा," ती म्हणाली. "मागे घ्या."

ग्रंथपाल म्हणाले, "बाई, प्रश्न नंतर." त्यांनी घड्याळ पाहिलं. "दोनला आपलं दुसरं व्याख्यान आहे."

नवी दाढीकडे बघून म्हणाली, "मागे घे."

दाढीने मागे घेतलं. पुन्हा धडधड, पुन्हा पक्षी. पुन्हा मागे. माझ्यासमोर तो एकच चेहरा होता, ताठ, न रडणारा, मोजमाप घेणारा. पाचव्या वेळी ती पुढे आली आणि तिने माझ्यावर पंजा ठेवला. प्रोजेक्टरचा उजेड तिच्या पाठीवर पडला.

"हा माझा दीर," ती म्हणाली.

"तोंड तर दिसत नाही, ताई," नवी हळूच म्हणाली.

"तोंड कशाला हवं? चार वर्षं आम्ही दोघांनी ओल्या चादरी पिळल्यात. एक टोक त्याचं, एक माझं. ओढताना डावा खांदा आधी टाकतो. शंभर वेळा सांगितलं, पाठ धरेल. ऐकेल तर शपथ."

मग तिने सांगितलं ते असं. सहा वर्षांपूर्वी तो कामावर सारखा उशिरा यायचा. मुकादमाने सगळ्यांसमोर हिला बोल लावला. हिने घरी येऊन दिराला सुनावलं, "तुझ्यामुळे माझी मान खाली. हे नको तर दुसरं बघ." त्याने बघितलं. पॅकिंगच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणाला. धक्क्यावरून एक फोन आला, नंतर काही नाही. सासूबाई तेव्हापासून हिच्याशी सरळ बोलत नव्हत्या. मीठ हवं असलं तरी भिंतीला सांगायच्या.

तोवर दादा येऊन उभा राहिला होता. त्याने विचारलं, "तो शिट्टी वाजवायचा का? सारखी?"

"डोकं उठवायचा," ती म्हणाली.

"वाजवतो अजून. म्हणजे मी उडी मारली तोवर तरी वाजवत होता. हे चित्रण चाललं होतं तेव्हा मी खाली बर्फाच्या खणात होतो. वरून त्याचीच शिट्टी येत होती."

तेव्हा ती बाई खाली बसली. खुर्चीवर नाही, जमिनीवर, माझ्या तिपाईला धरून. पेंगणाऱ्या दोघी आता टक्क जाग्या होत्या. त्यांतली एक उठून तिच्याजवळ बसली. ग्रंथपालांनी दोनचं व्याख्यान स्वतःहून रद्द केलं, हे मला त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे.

नवीने मुख्य कार्यालयात फोन लावला. तिथल्या मोठ्या बाई भारावून म्हणाल्या, "अप्रतिम! ती रडत असतानाचा व्हिडिओ आहे ना?"

"नाही. कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती," नवी म्हणाली.

भरलेली बॅटरी दाढीच्या हातात होती. त्याने ती शांतपणे खिशात टाकली.

"बरं, उद्याचा कार्यक्रम चुकवू नका," मोठ्या बाई म्हणाल्या.

नवीने उद्याचा चुकवला, परवाचाही. ती, दादा आणि ती बाई बंदराच्या पोलीस कार्यालयात गेले. कारकुनाने फोनवरचं चित्र डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाला, "फार लहान आहे. धूसर आहे. यावरून तक्रार कशी लिहू?"

"मोठं दाखवलं तर लिहाल?"

"मोठं म्हणजे?"

नवीने दाढीला हाक मारली. मी दहा मिनिटांत त्या कार्यालयाच्या मधोमध उभा होतो. या वेळी कडी तिने एका झटक्यात बसवली. दिवे घालवले. सगळी टेबलं माझ्याकडे वळली. आतून मोठे साहेब बाहेर आले.

"हे काय थिएटर आहे?"

"नाही, साहेब," नवी म्हणाली. "यातल्या एका माणसाची ओळख आता पटलीय. जहाजाचं जुनं नाव आधीच कळलेलं आहे. तुम्हाला नातेवाईक हवा होता, त्या या. तक्रार लिहून होईपर्यंत आम्ही हे दाखवत राहू. फक्त नऊ सेकंदांचं आहे."

साहेबांनी बघितलं. मग खुर्ची ओढून पुन्हा बघितलं. इतक्या वर्षांत मी नाना चेहरे पाहिले, पण अवघडलेल्या साहेबाचा चेहरा तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. साहेब कारकुनाला म्हणाले, "लिहा. पूर्ण नाव विचारा."

त्या बाईने नाव सांगितलं. दादा ते ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणाला. पाच वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाचं नाव त्याला तेव्हा कळत होतं.

पुढचं पटापट झालं नाही. नवीची फिरती संपली, तरी ती घरी गेली नाही. संस्थेच्या कोपऱ्यात टेबल टाकून पत्रं लिहीत बसली, फोन करत बसली. आईचा फोन आला की म्हणायची, "हो, चादर घडी केली." केलेली नसायची. सात महिन्यांनी एका परक्या बंदराजवळ ते जहाज इंजिन बिघडून अडकलं आणि तिथल्या लोकांनी, आमच्या तक्रारीनंतर बंदरोबंदरी गेलेल्या यादीतल्या जुन्या नावावरून ओळखलं. अकरा माणसं उतरली. आजोबा त्यांत नव्हता. आदल्या वर्षीच गेला होता.

शिट्टी उतरला. घरी आल्यावर सासूबाईंनी भिंतीला नव्हे, सुनेला सांगितलं, "याला आधी जेवायला वाढ."

मोठ्या बाईंनी त्याला व्यासपीठावर बोलवायचा आग्रह केला. तो म्हणाला, "मी प्रेक्षकांत बसेन." आणि खरंच आला, त्याच ग्रंथालयात, वहिनीबरोबर. हडकलेला माणूस, नवा शर्ट, मांडीवर हात. माहितीपटात ती जागा आली. धडधड, पक्षी. सगळं सभागृह श्वास रोखून त्याच्याकडे चोरून बघत होतं. त्याचे डोळे माझ्यावर खिळलेले. मला वाटलं, आता हा फुटणार.

तो वहिनीकडे वाकून म्हणाला, "मागून मी एवढा टकला दिसतो? कुणी कधी सांगितलं नाही."

"सांगायला होतास कुठे?" वहिनी म्हणाली.

मग ती दोघंही हसायला लागली. हसता हसता वहिनीचं काय झालं ते मी सांगणार नाही. कॅमेरा बंद होता आणि मीही तिथे बघत नव्हतो, असं धरा.

आता मी थकलोय. स्प्रिंग सैल झाली, एका पायाला दोरी बांधली आहे. नवी आता नव्या पोरांना शिकवते. त्यातला पहिला धडा, माझी कडी नीट लावायची. संस्थेला कुणीतरी टीव्ही दान केलाय, म्हणजे माझे दिवस भरत आले. तक्रार नाही. जायच्या आधी तुम्हाला एकच सांगायचं आहे. कधी अशा कार्यक्रमाला गेलात आणि जांभई आली तर खुशाल द्या, मी चहाडी करणार नाही. बिस्किटंही खा. पण एखादी बाई उभी राहून 'मागे घ्या' म्हणाली, तर कृपा करून घड्याळाकडे बघू नका.